चाकावरचं माणूस

दोरवाल्याने फॉर्मात खरं लिहिलं, तिथेच घोटाळा झाला.

फॉर्म दत्तकाचा होता, आठ पानांचा. सात पानं त्याच्या बायकोने भरली. वय, उत्पन्न, खोल्या किती, पाणी कुठून येतं, घरात कुणाला दमा, कुणाला दारू. आठव्या पानावर एकच प्रश्न होता आणि खाली तीन रिकाम्या ओळी : ‘आपणांस हेच मूल का हवे आहे?’

“हे तुम्ही लिहा,” बायको म्हणाली. “सगळं मीच लिहिलं तर ऑफिसात विचारतील, या घरात पुरुष आहे का नाही.”

दोरवाल्याने हात धुतले, पुसले आणि पाऊण तास पेन धरून बसला. मग एकही खाडाखोड न करता लिहिलं : ‘आमच्या चाकावर माणूस नाही. ही मुलगी चाकावर बसली की माझी काळजी मिटली.’ त्याच्या हिशेबी याहून मोठं काही लिहिण्यासारखं नव्हतंच. एक ओळ उरली, ती त्याने सोडून दिली.

आठव्या दिवशी फॉर्म परत आला. त्या दोन वाक्यांभोवती लाल शाईचा गोल होता.

तो घेऊन संस्थेच्या ताई आल्या. पाऊस तीन आठवडे हटला नव्हता. गल्लीतल्या चिखलाने ताईंची एक चप्पल ठेवून घेतली होती, ती हातात धरून त्या ओट्यावर आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून फॉर्म काढला आणि दोरवाल्यासमोर धरला.

“काका, हे काय लिहिलंत तुम्ही?”

“का? अक्षर लागत नाही?”

“अक्षर लागतं हो, म्हणून तर बोंब झालीय. ऑफिसातल्या मॅडम म्हणतात, यांना मुलगी नकोय, फुकटचा मजूर हवाय. पोरीला चालता येत नाही आणि तुम्ही तिला चाकाला जुंपणार!”

“जुंपणार?” दोरवाला बायकोकडे बघत राहिला. “मी जुंपणार कुठं लिहिलंय?”

बायकोने फॉर्म ओढून घेतला, वाचला, आणि पदराने तोंड पुसलं. “तीन ओळी होत्या. तिन्हींत ‘आम्हाला आवडते’ एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं.”

“ते काय लिहायचं? आवडते म्हणूनच तर चाकावर म्हणालो ना!”

“मग नवा फॉर्म द्या,” बायको ताईंना म्हणाली. “हा फाडते.”

“फाडून चालत नाही आता. चौकशी लागली. आणि तिचा वाढदिवस एकतीस दिवसांवर आलाय. अठरा झाली की दत्तक संपलं. तिला मोठ्यांच्या आश्रमात पाठवतील. इथून बसनं नऊ तास.”

आतल्या खोलीत वाक विंचरत बसलेल्या अक्काने फणी थांबवली. वाक म्हणजे घायपाताची पानं कुजवून, झोडून काढलेले लांब पांढरे तंतू. त्या वर्षी ते पांढरे नव्हतेच. पावसाने काळवंडले होते आणि चुलीच्या धुरावर धरून सुकवावे लागत होते.

“जाऊ दे नऊ तास,” अक्का आतूनच म्हणाली. “देवानंच आडवा पाय घातलाय, तर समजून घ्यावं माणसानं.”

अक्का दोरवाल्याची थोरली बहीण. बावीस वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली. तिचं म्हणणं घरात रोज ऐकलं जायचं आणि रोज बाजूला ठेवलं जायचं.

*

त्या घराचा धंदा समजून घेतल्याशिवाय फॉर्माचा घोटाळा कळायचा नाही. घरामागे साठ पावलांची सरळ लांब पडवी, वर पत्रा. एका टोकाला लाकडी चाक, त्याला दांडा, पुढे तीन आकडे. चाकापाशी एक जण बसून दांडा फिरवतो. दुसरा पोटाशी वाकेचा गठ्ठा बांधून आकड्याला तंतू लावतो आणि उलट पावली मागे मागे चालत, बोटांतून तंतू सोडत जातो. चालणाऱ्याला मागचं दिसत नाही आणि पीळ किती बसला तेही कळत नाही. ते कळतं चाकावरच्या माणसाच्या तळहाताला. पीळ कमी पडला तर दोर सुटतो. जास्त झाला तर तुटून चालणाऱ्याच्या तोंडावर येतो. दोरवाल्याच्या बापाची एक भुवई अशीच गेली होती.

म्हणून चालायला मजूर लावतात. चाकावर मजूर कधी बसवत नाहीत. तिथे घरचं माणूस बसतं. ते ‘थांब’ म्हणालं की वयाने, मानाने कितीही मोठा असो, चालणारा थांबतो.

या घरात चाकावर दोरवाल्याची बायको बसायची, लग्न होऊन आली त्या वर्षापासून. यंदा तिचा उजवा खांदा गेला. हात वर नेला की हाडात काचेचा तुकडा फिरल्यासारखं व्हायचं, आणि तशात नदीवरच्या नावाड्यांचे चाळीस दोर द्यायचे होते. डाव्या हाताने फिरवायला लागली तर पीळ वेडावाकडा बसला. दोन दोर उकलून टाकावे लागले.

“माझ्या हातांना काय कीड लागलीय?” तेव्हा अक्का म्हणाली होती.

 दोरवाल्याने दोर गुंडाळला. बायको दिवा पुसायला लागली. दिवा कालच पुसलेला होता.

*

मुलगी भेटली ती बाजांमुळे. आदल्या वर्षी संस्थेने चौदा बाजा नव्याने विणायला दोरवाल्याला बोलावलं होतं. चौथी विणताना मागून आवाज आला, सावकाश, एकेक अक्षर ओढत आणलेला. “एक — सोडलात.”

त्याने वळून बघितलं. चाकाच्या खुर्चीत एक मुलगी. पाय एकमेकांत अडकलेले, डावी मूठ छातीशी घट्ट मिटलेली, मान एका बाजूला. डोळे मात्र बाजेच्या विणीवर.

“काय सोडलं?”

“पेड. तिसऱ्या — रांगेत.”

त्याने मोजलं. सोडलं होतं. पाच रांगा उसवून पुन्हा विणल्या, आणि घरी येऊन सांगितलं, “आज एका पोरीनं माझी चूक काढली.”

“काढली का कुणीतरी एकदाची!” बायको म्हणाली. “मी एवढी वर्षं काढते, त्या तुम्हाला दिसत नाहीत.” पण दुसऱ्या दिवशी त्याचा डबा घेऊन ती स्वतःच संस्थेत गेली. डबा एरवी कधी कुणी पोचवला नव्हता.

संस्थेत त्या मुलीला सगळे ‘मोठी’ म्हणत. तिच्याहून मोठं तिथे कुणी उरलं नव्हतं. लहान लहान मुलं आली, पावडर लावून दाखवली गेली आणि नव्या घरी गेली. मोठीला सात जोडप्यांनी पाहिलं होतं. तिच्याशी कुणी बोललं नाही, तिच्याबद्दल बोलले. तिने सगळ्यांचा हिशेब ठेवला होता.

“सगळ्यात जास्त — अकरा मिनिटं बसले,” तिने दोरवाल्याच्या बायकोला सांगितलं. “त्यांची स्कूटर — चालू होत नव्हती.”

बायको इतकी हसली की पोट धरावं लागलं. मग तिने विचारलं, “आणि आम्ही किती बसलो?”

“तुम्ही — उठलाच नाहीत अजून.”

मूल त्यांना झालं नव्हतं. त्याबद्दल जे बोलायचं असतं ते पहिल्या दहा वर्षांतच बोलून संपलं होतं. म्हणून त्या संध्याकाळी बायकोने परत येता येता “तिला आणायचं का आपल्याकडे?” असं विचारलं, तेव्हा दोरवाला रस्त्यातच उभा राहिला. मागून येणारा सायकलवाला शिव्या देऊन गेला, तरी तो उभाच होता.

मग रविवारी रविवारी परवानगी काढून मोठी घरी यायला लागली. पहिल्या रविवारी खुर्ची चिखलात रुतली आणि चौघांनी उचलून आणली. तिसऱ्या रविवारपर्यंत दोरवाल्याने दारापासून संडासापर्यंत कमरेच्या उंचीवर जाड दोर ताणला होता, दर हातभर अंतरावर गाठ. मोठी उजव्या हाताने एकेक गाठ पकडून स्वतःला ओढत न्यायची. सव्वीस गाठी. बाजेवर आढ्याला दोराची कडी टांगली, तिला धरून ती आपली आपण उठून बसायची. हे कुणी सांगितलं नव्हतं. दोरवाल्याला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून त्याने प्रत्येक अडचणीवर दोर बांधला.

पाचव्या रविवारी तिला चाकाशी बसवलं. तिचा उजवा हात खुर्ची ढकलून ढकलून लोहारासारखा झाला होता. तिने अर्धा दोर फिरवला आणि अचानक थांबली.

“काय झालं?” साठ पावलांवरून दोरवाला ओरडला.

“बोटं — सैल सोडलीत.”

सोडली होती. माशी हाकायला.

*

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्टवर ‘बंद आहे’ अशी पाटी होती, आणि पाटीवरची धूळ बघता लिफ्ट बंद असणं हेच तिचं काम असावं. शिपाई म्हणाला, “मुलीला खालीच बसवा, मॅडम काय ते तुम्हाला विचारतील.”

“तिच्याबद्दल विचारायचंय ना? मग ती वर येणार,” बायको म्हणाली.

दोरवाल्याने पोटाला बांधायचा पट्टा आणलाच होता. मोठीला पाठीवर घेतलं, पट्टा आवळला आणि चढला. सत्तेचाळीस पायऱ्या. बायको मागून खुर्ची एका हाताने ओढत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ताई मदतीला आल्या तेव्हा म्हणाली, “तुम्ही कागद सांभाळा. ते आम्हाला जमत नाही.”

मॅडम वयाने चाळिशीच्या, चष्मा कपाळावर, टेबलावर फायलींच्या भिंती. माणूस वाईट नव्हतं. आदल्या वर्षी एका घरी दिलेली मुलगी तिथे भांडी घासताना सापडली होती, आणि तिला परत आणताना तिचे हात मॅडमनी बघितले होते. तेव्हापासून त्या फॉर्म दोनदा वाचत.

“तुमचं वय चोपन्न. बाईंचं पन्नास,” मॅडम म्हणाल्या. “उद्या तुम्ही थकलात, तर हिला उचलणार कोण?”

“आत्ताच कोण उचलतं?” बायको म्हणाली. “घरात दोर बांधलेत. तिचं ती उठते. संस्थेत दोन बाया लागायच्या.”

“बरं. आणि हे चाक?”

दोरवाल्याने तोंड उघडलं. बायकोने त्याच्या पायावर पाय ठेवला. तो बंद झाला.

मॅडमनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. “हे हमीपत्र. मुलीला चाकावर किंवा धंद्याच्या कुठल्याही कामाला बसवणार नाही, असं लिहून द्या. मी घर बघून जाईन, आणि ठीक असलं तर फाइल पुढे पाठवीन.”

“एवढंच ना?” दोरवाल्याने पेन घेतलं. “कुठं करू सही?”

“मी — येणार नाही,” मोठी म्हणाली.

मॅडमना वाटलं ऐकण्यात चुकलं. त्यांनी ताईंकडे बघितलं. ताईंनी मोठीकडे बघितलं.

“मुलीची संमती लागते ना?” मोठीचा जबडा प्रत्येक शब्दापाशी अडत होता. कुणी पुढचा शब्द पुरवायला गेलं की ती थांबायची आणि पहिल्यापासून सुरू करायची, म्हणून सगळे गप्प. “माझी — नाही. चाक नाही तर — मी तिथं कोण? बाजेवर बसून — जेवणारी. ती मी — इथंही आहे.”

“अगं बाई,” दोरवाला काकुळतीला आला, “एक सही आहे नुसती. आधी घरी तर चल. मग बघू.”

“मग बघू — नाही. कागदावर खोटं — लिहायचं नाही. तुम्ही खरं — लिहिलंत म्हणून — मला तुम्ही —” तिथे तिचा श्वास संपला. वाक्य तसंच राहिलं. पुन्हा सुरू केलं नाही.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “बाळ, मी हे तुझ्यासाठीच करतेय.”

“मला — सतरा वर्षं अकरा महिने झाले. बाळ — नका म्हणू.”

दोरवाल्याच्या बायकोने नवऱ्याच्या हातातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. “सही राहू द्या. मॅडम, घर बघायला तुम्ही येणारच आहात ना? मग आधी या. धंदा चालू असताना या. सगळ्यांना एकेकटं घेऊन विचारा. घरात माझी नणंद आहे, तिलाही विचारा.”

जिना उतरताना दोरवाला कुजबुजला, “अक्काचं नाव कशाला घेतलंस? ती सगळं उधळून लावेल.”

“घरात चार माणसं आणि तीनच दाखवायची? मॅडमना मोजता येतं.” ती दोन पायऱ्या उतरली, मग म्हणाली, “आणि अक्कांना विचारत कुणीच नाही. एकदा विचारू दे कुणीतरी.”

*

मॅडम नवव्या दिवशी आल्या. मधल्या दिवसांत घर धुऊन काढलं गेलं नाही, कारण तेवढा वेळच नव्हता. सकाळी वाक धुरावर धरायची, दुपारी विंचरायची, उजेड असेतो दोर वळायचे. बायको डाव्या हाताने चाक ओढत होती. चोवीस झाले होते, सोळा बाकी. दोरवाल्याच्या टाचांना उलटं चालून चालून भेगा पडल्या होत्या, त्यांत चिखल भरला होता. अक्काही चालत होती. दिवसाला दहा फेऱ्या, पोटाशी गठ्ठा, कुणाशी शब्द नाही.

मोठीला ताईंनी आधीच आणलं होतं. मॅडमनी दारापासून संडासापर्यंतचा दोर हातात धरून बघितला, गाठी मोजल्या, आढ्याची कडी खेचून बघितली. शाळेची वही मागितली. वहीत मोठीचं अक्षर होतं, एका ओळीत तीनच शब्द मावतील एवढं. मग एकेकाला आतल्या खोलीत बोलावलं. दोरवाला घाम पुसत बाहेर आला. बायको पाच मिनिटांत आली. सगळ्यात शेवटी अक्का गेली.

खोलीला दार नव्हतं, पडदा होता. बाहेर तिघं पडद्याकडे पाठ करून बसली आणि ऐकत होती.

“तुम्हाला ही मुलगी घरात नको, असं कळलं,” मॅडमचा आवाज.

“कोण म्हणालं?”

“तुमची भावजय.”

“बरोबर सांगितलं तिनं. नको होती मला. नकोच आहे.”

दोरवाल्याने कपाळाला हात लावला.

“का? तिच्या पायांमुळे?”

“पायांचं काय घेऊन बसलात? माझे दोन धड आहेत, त्यांचं काय सोनं झालं?” अक्का थांबली. मग तिचा आवाज खाली गेला. “बाई, तुम्ही त्या कागदावर लाल गोल केलात ना? तुम्हाला वाटलं, चाकावर म्हणजे मजुरीला. मी सांगते तुम्हाला. या घरात मी जन्मले. आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची. बापानं मला उचलून चाकाशी बसवलं. नऊ वर्षं मी थांब म्हटलं की माझा बाप थांबायचा. मग लग्न झालं, चाक सुटलं. नवरा मेला, परत आले. तर चाकावर ही बसलेली. घरची म्हणून. मला गठ्ठा दिला आणि म्हणाले, अक्का, तू चाल. बावीस वर्षं चालतेय. दोन वेळचं जेवण आहे, लुगडं आहे, कुणी वाईट बोलत नाही. फक्त थांब म्हणायची सोय नाही.”

आत मॅडमनी वही मिटल्याचा आवाज आला, तशी अक्का पुढे बोलू लागली.

“हिचा खांदा गेला, तरी मला बस म्हणाले नाहीत. आणि चार रविवार आलेल्या पोरीला पाचव्याला बसवलं. मग मला ती का हवी असेल, सांगा. पण तुम्ही कागदावर काय लिहायचं ते लिहा, खोटं नका लिहू. मजूर हवा असता तर या घरात मी आहे. तिला चाकावर बसवलंय म्हणजे तिला लेक म्हटलंय. मला विचारा. मला फरक माहीत आहे.”

पडदा सरकवून अक्का बाहेर आली. तिघांकडे न बघता गठ्ठा उचलला आणि पोटाशी बांधायला लागली. दोरवाला उठला, पुन्हा बसला. त्याची बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती. दुखरा हात दुसऱ्या हातात धरलेला. 

मॅडम पडवीत आल्या. “मला चालायचंय,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला?”

“हिला बसवा चाकावर. मी चालून बघते.”

ताई हसायला लागल्या, मग मॅडमचा चेहरा बघून थांबल्या. अक्काने स्वतःचा गठ्ठा सोडून मॅडमच्या पोटाशी बांधला, तंतू आकड्याला लावून दिला आणि बोटं कशी धरायची ते बोटं धरून दाखवलं. मोठीने दांडा हातात घेतला. मॅडम मागे चालायला लागल्या. चार पावलं, दहा, वीस. साडीचा काठ चिखलात. तोंड इतकं गंभीर की जणू परीक्षेला बसल्या आहेत.

“थांबा,” मोठी म्हणाली.

मॅडम थांबल्या नाहीत. त्यांना कुणी थांबा म्हणायची सवय नव्हती.

“थांबा!” चाकच थांबलं. मॅडमच्या बोटांतला पीळ मेला आणि त्यांना थांबावं लागलं. त्यांनी मागे वळून बघितलं. टाचेपासून वीतभर अंतरावर पडवीचा खांब होता. त्या तिरक्या चालत आल्या होत्या.

“तुला इतक्या लांबून दिसलं?”

“दिसलं नाही. दोर — एका अंगाला — ओढत होता.”

मॅडमनी आपल्या हातांकडे बघितलं. तर्जनीवर तंतू कापून लाल रेघ उठली होती. “किती वेळ बसतेस चाकावर?”

“दोन दोर. मग — हात दुखतो. मग मी — नाही म्हणते.”

“आणि नाही म्हटल्यावर?”

“काका — चहा देतात. गोड. फार — गोड. ते मात्र — लिहा.”

ओट्यावर बसून मॅडमनी हमीपत्र पुढे घेतलं आणि टाइप केलेल्या ओळीवर रेघ मारली. वर हाताने लिहिलं : शाळा सुटणार नाही. चाकावर बसणं मुलीच्या मर्जीने, दिवसाला दोन दोरांहून जास्त नाही. आणि तीन महिने दर पंधरवड्याला आपण स्वतः येऊन बघू. मोठीने सगळं वाचलं, दोनदा. मग पेन मागितलं. सही करायला तिला चार मिनिटं लागली. पेन घसरायचं, मूठ आखडायची, अक्षर पुन्हा पहिल्यापासून. कुणीही मदतीला हात पुढे केला नाही, मॅडमनीही नाही. गल्लीतली कोंबडी ओट्यावर चढून चिखलाची पावलं उमटवून गेली, तरी तिला कुणी हाकललं नाही.

*

दत्तकाचा हुकूम आला तेव्हा वाढदिवसाला चार दिवस होते आणि नावाड्यांचे तीन दोर बाकी होते.

मोठी संस्थेतून एक पत्र्याची पेटी, एक उशी आणि खुर्ची घेऊन आली. लहान मुलांनी फाटकापर्यंत आरडाओरडा केला. ताई रडल्या आणि म्हणाल्या सर्दी आहे. घरात पेटी कुठे ठेवायची यावरून नवराबायकोचं भांडण झालं. बायको जिंकली.

“मला आता मोठी — म्हणू नका,” जेवताना ती म्हणाली. “इथं मी — सगळ्यात लहान आहे.”

“मग काय म्हणायचं?”

“बघा — तुम्ही.”

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. किती दिवसांनी ते कुणी मोजलं नव्हतं. वाक अंगणात पसरली आणि दुपारपर्यंत ती हातात घेतली की खळखळ वाजायला लागली. शेवटचे दोर वळायला सगळे पडवीत आले. बायको आपली खांद्याला फडकं बांधून तंतू लावायला बसली. दोरवाला पहिल्या दोराला चालला. दुसऱ्या दोराला अक्का.

अक्का मध्यावर गेली असेल, तेव्हा चाक थांबलं.

“काय झालं?” अक्का लांबून म्हणाली. “माझी बोटं नीट आहेत. उगीच चूक काढू नकोस.”

“चूक नाही. इकडे — या.”

“अर्धा दोर हातात आहे.”

“राहू दे. मी — थांब म्हटलंय.”

थांब म्हटलं की थांबायचं, आणि बोलावलं की यायचं. अक्का दोर खुंटीला अडकवून चालत आली. उलटी नाही, सरळ. घाम पुसत चाकापाशी उभी राहिली.

मुलीने आढ्याची दुसरी कडी धरली. ती चाकाच्या वर दोरवाल्याने त्याच आठवड्यात टांगली होती. स्वतःला उचललं आणि बाजूच्या खुर्चीत टाकलं. चाकापाशी जागा रिकामी झाली.

“माझे दोन — झाले,” ती म्हणाली. “आत्या, बसा.”

झाला होता दीडच. चाळीस दोर मोजणाऱ्या त्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अक्काने भावाकडे बघितलं. तो पायाच्या भेगेतला खडा काढत होता, बराच खोल गेलेला असावा. मग तिने भावजयीकडे बघितलं. भावजय उठली, अक्काच्या पोटाशी बांधलेला गठ्ठा एका हाताने सोडला, स्वतःच्या कमरेला बांधला. गाठ जमेना, तर दातांनी ओढली.

“बसा, वन्सं,” ती म्हणाली. “खांदा दुखला तरी चालता येतं.”

ती साठ पावलांच्या पडवीत जाऊन खुंटीवरचा दोर बोटांत घेऊन उभी राहिली. अक्का बसली. दांडा आधी नुसता धरून बघितला. लाकूड बदललेलं होतं, खाच तीच होती. चाक फिरलं. भावजय मागे चालायला लागली, एक पाऊल, दुसरं, तिसरं.

“थांब,” अक्का म्हणाली. काही बिघडलं नव्हतं.

भावजय थांबली. अक्का पुन्हा चाक फिरवेपर्यंत ती तशीच उभी होती.